पडद्यावरची मोलकरीण आणि आमचं हसू

मराठी सिनेमात मोलकरीण दारातून आत आली की थिएटरात हसू सुरू होतं. तिनं अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो. लुगडं वर खोचलेलं, कपाळावर भलं मोठं कुंकू, दातांना मिश्री आणि तोंड उघडलं की 'पाणी'चं 'पानी'. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे कित्येक वर्षं विनोदी नटीच्या भूमिका लिहिल्या गेल्या. त्या बाईला विनोद करावाच लागत नाही, कारण तिचं असणं हाच लेखकाला विनोद वाटतो.

आम्हाला सिनेमाचं वेड आहे. चळवळीतले मित्र यावरून टोकतात. "कार्यकर्त्यांनी असले पिक्चर बघत वेळ घालवायचा का?" असं विचारतात. त्यांना आमचं उत्तर असं की, सामाजिक स्तरीकरण आम्ही एम.ए.ला वाचलं, पण कुणाला हसायचं आणि कुणासमोर गप्प बसायचं, हे त्याआधी कितीतरी वर्षं रविवारी दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या मराठी सिनेमानं आम्हाला शिकवून ठेवलं होतं. जी शिकवण हसत हसत मिळते, ती पुसायला सगळ्यात अवघड जाते.

आमची आई चार घरची धुणीभांडी करायची. रविवारीही दोन घरं असायचीच. ती उरकून दुपारी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर ती आमच्यासोबत येऊन बसायची. एका सिनेमात मोलकरणीच्या हातून मालकिणीची बशी फुटते, ती काहीतरी उलटसुलट बोलते आणि मार खाता खाता वाचते, असा प्रसंग होता. सगळी खोली हसली. आम्हीही पोट धरून हसलो. हसता हसता बाजूला पाहिलं तर आई पदरानं हात पुसत होती. हात कोरडेच होते. तीही हसत होती, थोडंसं. त्याच महिन्यात एका फुटलेल्या काचेच्या भांड्याचे पैसे तिच्या पगारातून कापले गेले होते आणि हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही हसलो.

पुढे विद्यापीठात पिएर बोर्द्यूची 'प्रतीकात्मक हिंसा' शिकवली गेली, तेव्हा वर्गातल्या इतरांनी व्याख्या उतरवून घेतली. आम्हाला मात्र आईचे ते कोरडे हात आठवले.

आता कुणी म्हणेल, विनोदाला कशाला जातीचं लेबल लावता? लावायची गरजच नाही, ते आधीपासून लावलेलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं होतं की, लुगडं नेसायची पद्धत बदला आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्या. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं, बदललं. पण सिनेमाच्या वेशभूषाकारानं ते लुगडं जपून ठेवलं आणि हसू हवं असेल तेव्हा बाहेर काढलं. नावांचंही तेच. 'गंगूबाई' म्हटलं की हसू. एका गाजलेल्या मालिकेच्या तर नावातच 'नॉन मॅट्रिक' होतं. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांचं शिक्षण अर्धवट राहणं आपल्याला गमतीचं वाटतं. निर्मिती सावंत ही मोठ्या ताकदीची अभिनेत्री आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या नावाला शीर्षकातच हशा मिळतो, याबद्दल आहे.

विनोदी नटीच्या वाट्याला काय येतं, हे हिंदीत टुनटुनच्या आयुष्यात दिसतं. उमादेवी खत्री हे तिचं नाव. लहानपणी आईबाप गेलेली ही मुलगी गायिका व्हायला मुंबईला आली. १९४७ च्या 'दर्द'मधल्या गाण्यानं तिला नावही मिळवून दिलं. १९५० च्या 'बाबुल'पासून ती पडद्यावर आली आणि पुढे तिचा देह हाच तिचा विनोद ठरला. एवढ्या सुरेल बाईचा गळा लोक विसरले, वजन मात्र लक्षात ठेवलं. रुपेरी पडद्यावर हसू येण्यासाठी बाई जाडी, काळी, गरीब किंवा अडाणी असावी लागते आणि नायिका यातलं काहीच नसावी लागते. ही उतरंड कुणी ठरवली?

हे सगळं डोक्यात घेऊनच आम्ही २०२४ च्या मे महिन्यात 'नाच गं घुमा' बघायला गेलो. परेश मोकाशींचा हा सिनेमा १ मे रोजी, म्हणजे ऐन कामगार दिनी लागला होता. रविवारी विहारातली वंदना झाल्यावर महिला मंडळातल्या बायकांनीच ठरवलं. त्यातल्या बहुतेक जणी घरकामगार. कामावर वेळेत न येणारी आशाताई, तिच्यावर वैतागणारी नोकरदार राणी, तिला कामावरून काढणं आणि मग घराचा उडालेला बोजवारा, अशी ती गोष्ट. राणी झालीय मुक्ता बर्वे आणि आशाताई नम्रता संभेराव.

आम्ही तिथे जणू वही-पेन घेऊन बसलो होतो. बायका मात्र मनापासून हसत होत्या. आणि खरं सांगायचं तर नम्रता संभेराव आहेच तशी. तिला हसवायला लुगडं खोचावं लागत नाही. एक वाक्य गिळून पुढचं टाकण्याची तिची जी लकब आहे, ती शिकवून येत नाही. मोलकरीण मराठी सिनेमाच्या पोस्टरवर मालकिणीच्या बरोबरीनं उभी आहे, हेही आम्ही नाकारणार नाही.

पण सिनेमाचा सूर असा की, दोघी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत, तेव्हा जीव लावा, समजून घ्या. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, कसा वाटला? एक मावशी म्हणाल्या, "ताई, पिक्चर झकास हाय. पण आमची म्याडम हा बघून उद्या मला चहा जास्त देईल, पगार काय वाढवायची नाय."

आमच्या वहीतल्या सगळ्या टिपणांपेक्षा हे एक वाक्य भारी होतं. 'तू आमच्या घरातलीच आहेस' या वाक्याखाली किती पगारी रजा, किती आजारपणं, किती म्हातारपणं गाडली गेली आहेत, हे घरकामगार बाईला विचारा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण तो नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा आहे, किमान वेतनाचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये केला, त्यावर भारतानं अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बाजूनं उभे राहणारे बाबासाहेब १९४२ मध्ये मजूरमंत्री झाले. हक्क आणि माया यांतला फरक त्यांना नेमका ठाऊक होता. माया मालकाच्या मर्जीवर चालते. दोन तासांच्या विनोदी सिनेमानं कायदा शिकवावा असं आमचं म्हणणं नाही. पण १ मे हा दिवस निवडलात, तर एवढा प्रश्न विचारणारच.

खरा सिनेमा मात्र त्यानंतर बसमध्ये झाला. त्या मावशींनीच पदर ओढणीसारखा गळ्यात टाकला, मोबाइल कान आणि खांद्यात धरला आणि म्याडमची नक्कल सुरू केली. "मावशी, आज जरा दोनच पाहुणे आहेत हं!" मग आपल्या आवाजात, "अन् ते दोन म्हंजे अकरा!" सगळी बस हसली. कंडक्टरही. आमच्या मनात आलं, ही नटी पडद्यावर कधी येणार? मोलकरणीला हसणारी मालकीण आपण शंभरदा पाहिली. मालकिणीला हसणारी मोलकरीण किती वेळा पाहिली? वस्तीच्या नळावर ती रोज असते.

त्या हसण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी आजची अभिनेत्री आमच्या मते छाया कदम. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'मध्ये ती जब्याची आई होती, 'सैराट'मध्ये परक्या शहरात आर्ची-परश्याला आसरा देणारी अक्का. २०२४ मध्ये 'लापता लेडीज'मध्ये ती मंजू माई झाली. रेल्वे स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी, मारहाण करणाऱ्या आणि तिच्याच जिवावर खाणाऱ्या नवऱ्याला-पोराला घराबाहेर काढून एकटी राहणारी बाई. थिएटर तिच्या वाक्यावाक्याला हसत होतं, पण ते हसू तिच्यावर नव्हतं. ती ज्या व्यवस्थेची टर उडवत होती, तिच्यावर होतं. त्याच वर्षीच्या 'मडगाव एक्सप्रेस'मध्ये हीच बाई कंचन कोंबडी होऊन टोळी चालवते आणि कानमध्ये ग्रां प्री मिळवणाऱ्या पायल कपाडियांच्या सिनेमात ती पार्वती होते. रुग्णालयात स्वयंपाक करणारी, बिल्डर घर पाडायला निघालाय आणि घर आपलं असल्याचा कागद नाही अशी, रत्नागिरीकडची बाई. त्यात ती आणि तिची मैत्रीण रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. तो प्रसंग बघताना आम्ही मोठ्यानं हसलो. बाजूच्या प्रेक्षकानं वळून पाहिलं. बहुधा त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसावं.

'कटहल' (२०२३) हा हिंदी सिनेमाही इथे आठवतो. आमदाराची दोन फणसं चोरीला जातात आणि सगळं पोलीस ठाणं कामाला लागतं. तपास करणारी इन्स्पेक्टर महिमा बसोर दलित आहे आणि माळ्याची हरवलेली मुलगी शोधायला ती त्या फणसांचाच आधार घेते. बसोर हे आडनाव उघड उच्चारलं जातं आणि हसू होतं ते आमदाराचं. ही भूमिका करणाऱ्या सान्या मल्होत्राची किंवा कुठल्याही नटीची जात शोधत बसणं हा आमचा उद्योग नाही. मात्र असे सिनेमे लिहिणाऱ्यांच्या, दिग्दर्शकांच्या खोलीत बसोर किती आहेत, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे.

कारण बाईचा विनोदही तिची जागा बघून चालतो. 'सैराट'च्या पूर्वार्धात रिंकू राजगुरूच्या आर्चीनं महाराष्ट्राला केवढं हसवलं! बुलेट, ट्रॅक्टर, तो ठसका. पण तो ठसका पाटलाच्या पोरीला परवडतो. परश्याच्या आईनं तसं बोलून बघावं. नागराजनं ते हसू आधी दिलं आणि शेवटी त्याची किंमतही दाखवली. कित्येकांनी मात्र फक्त पूर्वार्धच लक्षात ठेवला.

आमच्या आईकडेही एक नक्कल होती. एका घरात तिच्या चहासाठी कान तुटलेला कप खिडकीच्या गजाशी वेगळा ठेवलेला असायचा. घरी आली की दोन बोटांत वाटी धरून ती मालकिणीचा आवाज काढायची, "तुझा कप वेगळा ठेवलाय हं, तुला सापडायला सोपं!" आणि मग आमच्याकडे वळून म्हणायची, "बघा, आपला कप केवढा जपतात. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत!" आम्ही हसून लोळायचो. त्या रविवारच्या सिनेमापेक्षा कितीतरी जास्त.

हा विनोद आम्हाला अजून कुठल्याही सिनेमात भेटलेला नाही. तो लिहिणारं कुणी त्या खोल्यांमध्ये अजून पोहोचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी भटजी-सावकाराला भर मैदानात हसवून हसवून उघडं पाडलं होतं. हा वारसा आपलाच आहे. वस्तीतल्या ज्या पोरी आज मोबाइलवर छोटे व्हिडिओ करतात, त्यांना आमचं एकच सांगणं आहे. बायांनो, आईची नक्कल करू नका. आई जी नक्कल करायची, ती करा.

जय भीम!