चौदा किलोंचा आवाज

भंगारवाल्याने वजनावर भाव केलेला एक जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, ताप्ती मार्गावरचं एक छोटं स्टेशन आणि बंद मशीन जिवंत करण्याचा भन्नाट नाद!

वीकेंड आला की बाकीचे लोक लोणावळा, अलिबाग नाहीतर माथेरानचा प्लॅन करतात. व्हॉल्व्हचं वेड लागलेल्या माणसाचा नकाशा मात्र वेगळाच असतो. बंद पडलेली रेडिओची दुकानं, जुनी थिएटरं, मंडपवाल्यांची गोदामं आणि लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्ल्या ही त्याची हिल स्टेशन्स! या वेळी माझ्या नकाशावर नाव होतं चिंचपाडा. तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. मित्राच्या ओळखीतून निरोप आला होता, ‘एका मंडपवाल्याकडे जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. भंगारात चाललाय. हवा असेल तर लवकर जा.’

ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, ‘चिंचपाडा? ते नक्की कुठे आलं?’ आणि दुसरा, ‘ब्लूटूथ स्पीकर घे ना सरळ!’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

काचेतला निखारा

व्हॉल्व्ह म्हणजे दिसायला छोटा बल्बच. काचेच्या आत हवा नाही. मधली कॅथोड नावाची नळी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते, ती ग्रिड. माइकमधून आलेला अगदी बारीक सिग्नल या ग्रिडला दिला की इलेक्ट्रॉनचा अख्खा लोंढा त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. बारीक आवाज मोठा झाला! फ्लेमिंगने १९०४ साली दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला, १९०६ साली ली डी फॉरेस्टने त्यात हे तिसरं टोक घातलं आणि पुढची निदान पन्नास वर्षं रेडिओ, टेलिफोन, सिनेमा सगळं याच काचेवर चाललं.

आपल्याकडे ठाण्याचे मर्फीचे रेडिओ त्याच काचेवर बोलायचे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात देशी व्हॉल्व्ह बनवायला घेतले. ते उत्पादन केव्हाच बंद झालं, पण न वापरलेला ‘बेल’चा व्हॉल्व्ह खोक्यासकट मिळाला तर आजही आमच्यातले लोक सोनं सापडल्यासारखे नाचतात.

या नादाच्या अनेक शाखा आहेत. अमेरिकेत १९५८ पासून २७ मेगाहर्ट्झवर सिटिझन बँड, म्हणजे सीबी रेडिओ सुरू आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या ट्रकवाल्यांनी तो गाजवला. चार वॉटने भागेना म्हणून अनेकांनी मागे व्हॉल्व्हचे दणकट अ‍ॅम्प्लिफायर जोडले. ते तिथेही बेकायदाच. पण ती जुनी धुडं उघडून, साफ करून जपणारे लोक अजून आहेत. भारतात सिटिझन बँडला २००५ साली लायसन्समधून सूट मिळाली, ताकदीची मर्यादा मात्र ५ वॉट. म्हणजे सीबीला अ‍ॅम्प्लिफायर लावणं हा आपल्याकडे छंद नाही, सरळ सरळ कायदेभंग आहे. जास्त ताकद हवी असेल तर परीक्षा द्या, लायसन्स घ्या आणि हॅम व्हा. दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी सामान बाजारात आलं, तेव्हा त्यातल्या ‘८०७’ नावाच्या व्हॉल्व्हवर आपल्याकडच्या कितीतरी हॅम मंडळींनी घरच्या घरी ट्रान्समीटर उभे केले.

पण हॅम म्हणजे मूठभर लोक. सामान्य माणसाच्या कानावर व्हॉल्व्हची खरी ताकद कुठे पडली? मंडपात! लग्न, निवडणुकीची सभा, तमाशा, जत्रा. झाडाला बांधलेला कर्णा आणि टेबलाखाली तापलेला अ‍ॅम्प्लिफायर. आपला जुना अ‍ॅम्प शोधायचा तर गावातच जायला हवं.

एक रेल्वे, दोन टोकं

मुंबईहून सुरत गाठायचं आणि तिथून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती मार्गाची गाडी धरायची. बारडोली, व्यारा, उकाई-सोनगड मागे पडलं की नवापूर येतं. हे स्टेशन अर्धं गुजरातमध्ये आणि अर्धं महाराष्ट्रात! दोन राज्यांच्या सीमेवर एक बाकडंही आहे, त्यावर बसून लोक फोटो काढतात. त्यानंतर चिंचपाडा. छोटं स्टेशन, मिशनचं जुनं रुग्णालय, बाजार आणि आजूबाजूला भाताची खाचरं. तुरीला फुलं यायला लागली होती. कानावर मावची, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकाच वेळी पडते. पुढे नंदुरबारला पोहोचलात तर मिरचीचा ठसका आधी स्वागत करतो.

या रेल्वेत बसलं की आमच्यासारख्यांना १९४२ आठवतं. पश्चिमेला सुरतजवळचं सरस हे उषा मेहता यांचं गाव. बावीस वर्षांच्या या मुलीने आणि तिच्या साथीदारांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला, मग पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच खटल्यात नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. हे ‘शिकागो रेडिओ’वाले. गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंत समोरच्या माइकवर हे नाव दिसतं ना, तेच! काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारी ही मंडळी, आणि गुप्त रेडिओच्या सामानाचा मागही त्यांच्याच दुकानापर्यंत गेला. पुढे त्यांचा कारखाना नाशिक रोडला आला.

आणि पूर्वेला नंदुरबार. काँग्रेस रेडिओ चालू असतानाच, ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्यांचं स्मारक शहरात आहे, जरूर बघा.

सांगायचा मुद्दा हा की, आवाज मोठा करणारं मशीन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न या भागाला नवा नाही.

‘किलोवर की नगावर?’

मंडपवाल्या काकांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, ‘काय बेटा, तू पण किलोवर घेणार की नगावर?’

आदल्या आठवड्यात भंगारवाला येऊन गेला होता. त्याने काट्यावर ठेवलं, वजन भरलं चौदा किलो. त्यातलं बरंचसं ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे लोखंड आणि तांबं. भंगारवाल्याचा सगळा इंटरेस्ट त्या तांब्यात. आणि खरं सांगायचं तर शहरातून येणाऱ्या आमच्यासारख्यांचा इंटरेस्टही फार वेगळा नसतो. व्हॉल्व्ह काढून घ्यायचे, चांगला ट्रान्सफॉर्मर काढून घ्यायचा आणि त्यातून ड्रॉइंग रूममध्ये मिरवायला हाय-फाय सेट बनवायचा.

काकांचा नातू डीजेचा धंदा करतो. टॉप, बेस, लाइट, सगळं एकदम अप-टू-डेट. त्याला गोदामात जागा हवी होती. ‘दादा, घेऊन जा तुम्ही. इथे उंदीर वायर खातायत,’ तो म्हणाला.

काकांनी गोणपाट बाजूला केलं. करड्या पत्र्याचा डबा, नावाची पट्टी केव्हाच गळून पडलेली. मागे दोन ‘ईएल-३४’, त्यावर ‘बेल’चा पुसट शिक्का. मी मनातल्या मनात उडी मारली. तेवढ्यात काका सांगायला लागले. सत्तरच्या दशकात घेतलेला. पुष्कळ पाड्यांवर तेव्हा लाइटच नव्हती, मग ट्रकची बॅटरी बैलगाडीतून न्यायची. रात्रभर सोंगाड्या पार्टी, सकाळी बॅटरी पुन्हा चार्जिंगला. लसीकरणाची दवंडी याच्यावर, कोणाचं मूल हरवलं तर याच्यावर, निवडणुकीला सगळ्या पार्ट्या याच्यावरच. ‘पैसे कोणी दिले, कोणी नाही दिले. पण बोलला सगळ्यांसाठी.’

तीस-पस्तीस वॉट म्हणजे आजच्या डीजेपुढे काहीच नाही. पण कर्णा थोड्या ताकदीत आवाज फार लांब फेकतो. शिवाय या अ‍ॅम्प्लिफायरना १०० व्होल्टची लाइन असायची. व्होल्टेज जास्त म्हणजे करंट कमी, करंट कमी म्हणजे साध्या पातळ वायरमधूनही आवाज गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत न मरता पोहोचणार. काकांना गणित माहीत नव्हतं. वायर किती लांब ओढायची, ते मात्र बरोबर माहीत होतं.

आधी हात खिशात!

‘चालतो का बघून तरी घेऊ,’ मी म्हटलं. आता इथे थोडं लक्ष द्या, कारण हा नाद जिवावर बेतू शकतो. या डब्यात चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतं. म्हणून आधी रेझिस्टर लावून ते उतरवायचं, मीटरवर शून्य बघायचं, मगच आत हात घालायचा. चालू मशीनवर माप घेताना एक हात खिशात. दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. शिकवणारा माणूस शेजारी नसेल तर झाकण उघडूच नका.

नातू बाजूला बसून बघत होता. मोठे फिल्टर कंडेन्सर सुकून गेलेले, ते बदलले. मग जाळीआधीचे कागदी कंडेन्सर. ते गळके झाले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको ते पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि व्हॉल्व्ह आतून लालभडक होऊन जळतो. तेही बदलले. सॉकेटच्या पिना घासल्या, खरखरणारे व्हॉल्यूमचे कंट्रोल साफ केले, उंदरांनी खाल्लेली वायर नवी घातली. सोल्डरचा धूर, शेळ्यांचा आवाज आणि मधेच आलेली तांदळाची भाकरी आणि तुरीची डाळ. एवढ्यात दुपार गेली.

आता सीरिज दिवा. अ‍ॅम्प्लिफायर थेट मेनला जोडायचा नाही, मध्ये शंभर वॉटचा तारेचा बल्ब लावायचा. एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. शिवाय कर्णा जोडूनच चालू करायचं. लोड नसताना सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

स्विच दाबला. बल्ब चमकला, मग मंद झाला. पाच सेकंद, दहा सेकंद, काही नाही. व्हॉल्व्हच्या आत नारंगी ठिपका दिसायला लागला आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास कर्ण्यातून हलकी घरघर आली. मग सीरिज दिवा काढला, थेट मेन दिली. नातवाने मोबाइलवरून माझ्याकडे पाहिलं. काकांनी त्याच्या डीजेचा माइक मागून घेतला, दोनदा फुंकर मारली आणि मावचीत काहीतरी बोलले. मला एक शब्दही कळला नाही. पण बाहेर धान्य निवडणाऱ्या बायका खो-खो हसायला लागल्या आणि रस्त्यापलीकडून कोणीतरी ओरडून उत्तर दिलं!

विकायचा की ठेवायचा?

खरी पंचाईत आता झाली. माझ्या खिशात पैसे तयार होते. काका गप्प. नातवाने डब्याभोवती दोन चकरा मारल्या आणि एकदम धंद्याचं विचारलं, ‘हा भाड्याने चालेल का? अंत्ययात्रेला, भजनाला डीजे कोणी नेत नाही. आणि व्हॉल्व्ह गेला तर मिळतो का?’

मिळतो. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ‘ईएल-३४’ आजही बनतात. फक्त जोडीने घ्यायचे आणि बायस तपासायचा, एवढं मी त्याला लिहून दिलं. पंधरा मिनिटांत त्याने तीन वेळा मीटर लावून बघितलं, एक हात खिशात घालून. शेवटी म्हणाला, ‘दादा, दिवाळीनंतर लग्नसराई संपली की बघू. तेव्हा नाही चालला तर तुमचाच.’

मला वाटतं, या नादातला हाच भाग आपण शहरातले लोक विसरतो. गोळा करणं म्हणजे जपणं नव्हे. माझ्या कपाटात हा अ‍ॅम्प्लिफायर छान दिसला असता, महिन्यातून एकदा त्यावर किशोरीताई वाजल्या असत्या. पण त्याला बोलावणारं, त्याच्यावर हसणारं आणि उलट ओरडणारं गाव इथे आहे. तिथे जे कमी होतं, ते म्हणजे चार कंडेन्सर आणि एका दुपारचं शिकवणं. तेवढं नेता येतं की बॅगेतून! तुमच्या आजोळच्या माळ्यावरही असा एखादा डबा पडलेला असेल. त्याला भाव विचारण्याआधी तो कधी, कोणासाठी बोलायचा, ते विचारून बघा.

परतीच्या गाडीत बॅग जाताना होती त्यापेक्षा हलकी होती. दिवाळीनंतर लग्नसराई कधी संपते, ते मी कॅलेंडरमध्ये बघून ठेवलंय.

कसं जाल?

सुरत–भुसावळ मार्गावर चिंचपाडा स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. वेळापत्रक आधी बघा. नाहीतर नवापूर किंवा नंदुरबारला उतरा.

कधी जाल? पावसाळा संपल्यावर. डोंगर हिरवे असतात आणि उकाडा कमी.

काय आणाल? नवापूरची तूरडाळ आणि नंदुरबारची मिरची.

काय न्याल? मल्टिमीटर, चांगले कंडेन्सर, तारेचा शंभर वॉटचा बल्ब. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही, हा नियम २००० पासून गावालाही लागू आहे, हे लक्षात ठेवा!