हिरण्य की कुप्य?

पैशाच्या व्यवहारात सारे आयुष्य घालवलेल्या माणसाने फावल्या वेळेचा छंद म्हणूनही पैसेच जमवावेत, यात एक विनोद दडलेला आहे. सांगलीच्या हळद बाजारात पन्नास वर्षे अडत केलेल्या अण्णांच्या तो फार उशिरा ध्यानात आला. पेठेतल्या मंडळींना मात्र तो प्रथमपासून ठाऊक होता. "अण्णा दिवसा चालणारे पैसे मोजतात आणि संध्याकाळी न चालणारे," असे ती म्हणत, आणि अण्णाही हसून मान डोलावीत.

अण्णांचा जन्म १९४७ सालचा. ते दहा वर्षांचे असताना, १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती आली आणि त्यांच्या वडिलांच्या दुकानातला हिशेब काही काळ वेडापिसा झाला. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै ही बोटांच्या पेरांवर बसलेली गणिते होती. आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैशाचे नाणे आणायचे कोठून? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे असे ठरले. म्हणजे एकेका आण्याची वस्तू चार वेळा विकली तर गल्ल्यात २४ पडत आणि तीच एकदम विकली तर २५. मधला हा एक पैसा जातो कोठे, असे लहानग्या अण्णांनी वडिलांना विचारले. वडील मोठे मितभाषी. त्यांनी गल्ल्यातला एक जुना आणा काढला, मुलाच्या तळहातावर ठेवला आणि "हाच तो. सांभाळ," एवढेच म्हणाले. त्या आण्यापासून संग्रहाला सुरुवात झाली.

नाण्यांचा नाद लागलेल्या माणसाबरोबर बाजारात जाणे ही शिक्षाच असते. इतर लोक भाजी निरखून घेतात; अण्णा परत मिळालेली मोड निरखून घेत. सालाखाली चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टाकसाळीतले, तारा असेल तर हैदराबादचे, वाटोळा ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. हे सारे चहाच्या टपरीवर, मागे रांग खोळंबलेली असताना पाहायचे. "अहो, त्या बाईला पैसे मोजून घ्यायचे असतात, वाचून नव्हे," असे वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. सारी पेठ त्यांना वहिनीच म्हणे.

त्या संग्रहात फार मोलाचे असे काही नाही. परंतु प्रत्येक नाण्यामागे काही सांगण्यासारखे आहे, आणि अण्णांना सांगायला आवडते. १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावर हत्तीचे लहानसे चित्र आहे. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो हत्ती नसून डुक्कर वाटला. ओरड झाली आणि पुढच्या सालापासून हत्तीची सोंड लांबवावी लागली. बादशहाचा मुखवटा, शिक्का, दरारा सगळे जागच्या जागी असून लोकांनी पाहिले ते डुक्कर! १९४३ च्या भोकाच्या पैशाचेही असेच. युद्धकाळात धातू वाचावा म्हणून सरकारने पैशाला मधोमध भोक पाडले. अण्णांचे वडील तो दोऱ्यात ओवून ठेवीत आणि अशी माळ मोजायला सोपी असे सांगत.

अण्णांना सर्वांत हेवा वाटतो तो व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाचा. त्या सालानंतरही टाकसाळीत बरीच वर्षे रुपये पाडले गेले. पण साल बदलले नाही, १८६२ हेच छापत राहिले. माणसाला अशी सोय हवी होती, असे अण्णा म्हणतात. एखादे बरे साल पाहून तेथेच थांबायचे. त्यांनी स्वतःसाठी १९७४ निवडले असते. त्या वर्षी हळदीला भाव चांगला होता आणि गुडघे दुखत नव्हते.

चांदीचा जुना रुपया नुसता पैसा नव्हता, तो वजनही होता. १८० ग्रेनचा रुपया म्हणजे एक तोळा, आणि असे ८० तोळे म्हणजे एक शेर. तराजूच्या एका पारड्यात ८० रुपये टाकले की दुसऱ्या पारड्यात शेराचा माल तोलता येई. मोबदला आणि माप दोन्ही एकाच वस्तूत असण्याची ही सोय पुढे गेली. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला वाघ. अण्णांच्या जन्मसालाचे नाणे म्हणून तो संग्रहात अगदी पहिल्या पानावर आहे. चांदी गेल्यावर आपण आलो, असे ते स्वतःविषयी सांगतात.

पंचवीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात अण्णांनी परिग्रह-परिमाण अणुव्रत घेतले आणि छंदाची खरी कसोटी तेव्हा लागली. व्रताची यादी त्यांनी अडत्याच्या शिस्तीने केली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना मर्यादा घालण्याच्या वस्तू मोजल्या आहेत: शेत आणि घर, हिरण्य आणि सुवर्ण, धन आणि धान्य, दासी आणि दास, आणि शेवटी कुप्य. जमीन किती एकर, घरे किती, सोने किती तोळे, हे भराभर लिहून झाले. नाण्यांपाशी लेखणी अडली. हिरण्य म्हणजे रुप्याचे वगैरे चलन. पण ज्या नाण्याला दुकानदार मूठभर फुटाणेही देणार नाही, त्याला चलन कसे म्हणावे? मग ते कुप्य, म्हणजे कापडचोपड आणि किरकोळ सामानात घालावे काय? पण व्हिक्टोरिया राणीला जुन्या सतरंजीच्या रांगेत बसवायला मन धजेना.

शेवटी त्यांनी स्वाध्याय घेणाऱ्या पंडितजींना विचारले. पंडितजींनी उलट विचारले, "ती चोरीला गेली तर वाईट वाटेल का?"

"वाटेल."

"मग कोणत्याही खात्यात लिहा."

सूत्रकारांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून केली आहे, हे अण्णांना पाठ होते. परंतु पाठ असणे वेगळे आणि भर स्वाध्यायात चार माणसांसमोर ते आपल्याला लागू पडणे वेगळे. त्यांनी ३०० नगांची मर्यादा लिहिली. त्या वेळी संग्रहात २९८ नाणी होती, ही गोष्ट त्यांनी पंडितजींना सांगितली नाही. व्यापारी माणूस मर्यादाही थोडी जागा ठेवूनच घेतो.

दोन जागा भरायला वेळ लागला नाही. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त सरकारने २००१ साली पाच रुपयांचे नाणे काढले; ते घेतल्यावाचून राहवेना. त्यानंतर मात्र एक नाणे आत यायचे तर एक बाहेर जायला हवे. छंदाला यामुळे वेगळीच धार आली. पूर्वी नवे नाणे मिळाले की नुसता आनंद होई. आता आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न येई, कोणी जायचे? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्याची घोषणा झाली. पेठेत कोणाला झोप नव्हती. अण्णाही जागे होते. बँकेत काय भरायचे ते तासाभरात ठरवून झाले होते, पण हजाराची एक नोट आठवण म्हणून ठेवावी तर तिच्यासाठी कोणते नाणे काढावे, हे पहाटेपर्यंत ठरेना. धाकट्या मुलाला हा प्रकार मुळीच आवडला नाही, आणि त्याचे चुकले असेही म्हणता येणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांना पुराचे नवल नाही. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली हवाबंद जागी, हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते असा पिढ्यांचा अनुभव. पण २००५ च्या महापुराने त्या पेवांनाही सोडले नव्हते. या वेळी दुकानातल्या कपाटात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर नाणी निघाली ती चिखलाने माखलेली, पण धड. नोंदवही मात्र गेली. कोणते नाणे कोणाकडून आले, केव्हा, कोणत्या गावच्या शेतकऱ्याने पट्टीच्या वेळी कनवटीतून काढून दिले, हे सारे निळ्या शाईत विरघळून पानांना पानांशी चिकटवून बसले होते. नाणे टिकते, नाव टिकत नाही. अण्णांनी नवी वही घातली आणि आठवेल तसे लिहू लागले. बहात्तराव्या वर्षी जे आठवते त्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आहेच. बऱ्याच नोंदींपुढे त्यांनी स्वतःच 'बहुधा' असे लिहिले आहे.

त्या नव्या वहीत एका नाण्यापुढे भावाचा रकाना कोरा आहे. संग्राहकांच्या जगात नाणे घासणे हे महापाप. धातूवर काळाने चढवलेली काळसर झाक हीच त्याची अब्रू. ती घालवली की किंमत कोसळते. एका दिवाळीत वहिनींनी लक्ष्मीपूजनासाठी देवघरातल्या तबकाबरोबर १८६२ चा रुपयाही चिंचेने लख्ख घासला. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. वहिनींना वाटले, उपवासाचे मौन असेल. पुढे त्या गेल्याला आता अकरा वर्षे झाली. आपसातल्या विनिमयात तो रुपया अनेकदा कोणी ना कोणी पाहतो आणि हळहळतो, "कोणी घासला हो असा?" अण्णा सांगतात, "आमच्या घरात एक जाणकार होते."

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीत कळ आली आणि हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवावा लागला. आत नेण्यापूर्वी परिचारिकेने अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी आणि खिशातले दोन रुपयांचे नाणे पिशवीत घालून त्याची यादी केली आणि खाली सही घेतली. वेदनेतही अण्णांना त्या यादीचे कौतुक वाटले, नगनिहाय होती. नंतर डॉक्टरांनी सांगितले की बसवलेली जाळी कोबाल्ट-क्रोमियमची आहे. तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न, तिच्यावर साल कोरलेले असते का? दुसरा प्रश्न त्यांनी घरी आल्यावर स्वतःला विचारला: ही ३०० मध्ये धरायची की नाही?

तेव्हापासून मात्र त्यांनी संग्रह उतरवायला घेतला आहे. विकायला ते तयार नाहीत. मुलगे धंद्यात गुंतलेले. नातवाच्या खिशात तर नाणे असे नसतेच, तो केळीवाल्यालाही मोबाईलवरून पैसे देतो. एकदा चार आण्यांचे नाणे हातात घेऊन त्याने विचारले, "आजोबा, हे कशाने बाद झालं?" अण्णांनी सांगितले, २५ पैसे आणि त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ पासून चालेनाशी झाली. "पण झालं काय होतं त्याला?" अण्णा म्हणाले, "काही नाही. ते तसंच आहे. बाजार पुढे गेला."

दिवाळीची अमावास्या हा व्यापारी जैन घरात दुहेरी दिवस. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा आणि सायंकाळी वहीपूजन करायचे; भगवंतांच्या निर्वाणाचा आणि खाती मिटवण्याचा दिवस एकच. अण्णांनी या दिवसाला आपलेही एक काम जोडले आहे. वहीपूजन झाले की ते ज्याच्या जन्मसालाचे नाणे संग्रहात असेल त्याला ते देऊन टाकतात. २००१ सालचे महावीरांचे नाणे त्या साली जन्मलेल्या नातीकडे गेले. १९६८ चे कमळाचे पितळी वीस पैसे दुकानातल्या दिवाणजींना मिळाले. त्यांनी ते कपाळाला लावून खिशात टाकले आणि दुसऱ्या दिवशी रीतसर पोच आणून दिली. १९५० चा घोड्याचा पैसा इचलकरंजीच्या व्याह्यांना गेला. व्याह्यांनी विचारले, "घोडाच का?" अण्णांनी सांगितले, "सालावर जातो, स्वभावावर नाही." तीन दिवाळ्यांत ८७ नग कमी झाले आहेत. वहीतल्या शेवटच्या रकान्यात, पूर्वी जेथे भाव लिहीत तेथे, आता घेणाऱ्याचे नाव असते. १८६२ चा रुपया अर्थातच या हिशेबात बसत नाही. त्या सालचा माणूस आणायचा कोठून?

१९४७ चा वाघाचा रुपयाही अजून पहिल्या पानावरच आहे. पेठेत त्या सालचे अण्णांखेरीज दोघेच उरले आहेत आणि त्यांतल्या एकाने गेल्या वर्षी तो मोकळेपणाने मागितलाही. अण्णांनी पान उलटले, चहा मागवला आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीला बघू."