डच समासांतील पदच्छेद व आघात

‘इन्द्रशत्रु’ या समासाची कथा ज्यांच्या घरीं वेदाध्ययन झालें आहे त्यांस नवी नाहीं. त्वष्ट्याला ‘इन्द्राचा घातक’ असा तत्पुरुष हवा होता. उदात्त अन्त्य अक्षरावर पडावयाचा तो पूर्वपदावर पडला, ‘इन्द्र ज्याचा घातक’ असा बहुव्रीहि झाला, आणि वृत्र मारला गेला. आमच्या मराठींत आघात हलल्यानें अर्थ सहसा फिरत नाहीं, म्हणून मुलांस ही कथा अतिशयोक्तीची वाटते. आमचे पुतणे सहकुटुंब हॉलंडांत राहतात. त्यांच्या कन्येचीं शाळेचीं पुस्तकें चाळतां त्या भाषेंत हा प्रकार रोजचाच आहे असें आम्हांस दिसून आलें. (तेथील आघात सुराचा नसून जोराचा, एवढा भेद.)

डच लोकांस समासाची हौस संस्कृत पंडितांइतकीच. साधारण नियम असा कीं, जोर पूर्वपदावर पडावा. ‘स्टाटहौस’, म्हणजे नगरसभेचें गृह, यांत तो उत्तरपदावर जातो, असे अपवादहि आहेत. खरी गंमत क्रियापदांची. ‘व्होरकोमन’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला तर ‘घडणें’. दुसऱ्यावर दिला तर ‘घडूं न देणें’! अपघातासंबंधीं बोलतांना हा फरक केवढा! लिहितांना घोटाळा होईल तेथें ते स्वरावर तिरकी रेघ देतात. शिवाय जोर असलेला उपसर्ग मुख्य वाक्यांत धातूला सोडून दूर जाऊन बसतो. जोर नसलेला चिकटून राहतो. वैदिक भाषेंतील सुटे उपसर्ग ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याचें नवल वाटूं नये.

संधीच्या बाबतींत मात्र त्यांची रीत उलट. आपण ‘वाक्’ आणि ‘ईश’ यांचा ‘वागीश’ करतों. स्वर पुढें आला कीं कठोर वर्ण मृदु होतो. डचमध्यें ‘आव्हॉन्द’ (सायंकाळ) आणि ‘एतन’ (भोजन) जोडले असतां लिहितात ‘द’, पण उच्चारतात ‘आव्हॉन्त-एतन’. पदान्तींचा मृदु वर्ण कठोर करण्याची त्यांची संवय पुढें स्वर असतांहि सुटत नाहीं, आणि त्यामुळें सांधा कानाला स्पष्ट कळतो. ओळ संपतांना शब्द तोडावयाचा तोहि याच सांध्यावर.

आतां सांधाच संदिग्ध असेल तर? ‘व्हाल्कौल’ म्हणजे ‘व्हाल’ (सापळा) आणि ‘कौल’ (खड्डा). सावज पाडण्याचा खड्डा. पण ‘व्हाल्क’ (ससाणा) आणि ‘औल’ (घुबड) असाहि छेद होतो. अर्धा ससाणा नि अर्धें घुबड असा पक्षी कोणी मनांत आणीत नाहीं, म्हणून तेथें निभावतें. ‘क्वार्तस्लाखन’ शब्दाचें तसें नाहीं. ‘क्वार्त-स्लाखन’ म्हणजे पाव फेरे, ‘क्वार्त्स-लाखन’ म्हणजे गारगोटीचे थर. अक्षरें तींच आणि दोन्ही छेद शुद्ध. हल्लीं ओळी तोडण्याचें काम संगणक करतो, पण नुसत्या अक्षरांवरून त्यालाहि येथें निर्णय करतां येत नाहीं. म्हणून संशयाच्या जागीं दोन पदांमध्यें आडवी रेघ घालण्याची मुभा त्यांच्या लेखननियमांनींच दिलेली आहे.