शिलकीचं काय करायचं

इन्फोसिसनं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतःचेच १० कोटी शेअर १,८०० रुपये दरानं भागधारकांकडून परत विकत घेतले, म्हणजे बायबॅक केला. एकूण १८,००० कोटींचा व्यवहार. बाजारात तेव्हा भाव पंधराशेच्या आसपास होता, म्हणजे तीनेकशे रुपये वर मिळत होते. त्यामुळं त्याची चर्चा आमच्या कोल्हापूरजवळच्या उचगावातही झाली. एके काळी या गावात चर्चा असायची ती उसाच्या दराची, शिरोलीच्या फौंड्रीतल्या बोनसची आणि शेजारच्या गांधीनगरात कापड स्वस्त कुठं मिळतं याची. आता निम्म्या गल्लीची पोरं पुण्यात, हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत. त्यांनी आईबापांच्या नावानं डिमॅट खाती काढून दिली आहेत, आणि दुपारी पारावर बसणाऱ्यांच्या मोबाइलवरही कंपन्यांचे मेसेज येऊन पडतात.

आमच्या गल्लीतले अण्णा शिरोली एमआयडीसीत मोल्डर होते. भट्टीच्या धगीत उमेद गेली, पण डोकं शाबूत आहे. लहान भागधारकांना अकरा शेअरमागं दोन देता येणार होते. अण्णा मला म्हणाले, "सर, अकराला दोन घेणार म्हणत्यात. द्यायचे काय?" मी म्हटलं, द्या, भाव बरा आहे. मोबाइल खिशात टाकत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "एवढा पैसा शिल्लक पडलाय ह्यांच्याकडं, तर काय नवीन का काढंनात?"

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ बरीच वर्षं ज्यावर भांडताहेत तो प्रश्न एवढाच आहे.

वाटणी म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या तोंडावर गोकुळ दूध संघाचा दर फरक खात्यावर जमा होतो. वर्षभराच्या व्यवहारात उरलेल्या पैशातून दूध घालणाऱ्याचा वाटा त्याला परत मिळतो. बायबॅक वरवर तसाच वाटतो, पण तो तसा नाही. फरक मिळतो तो घातलेल्या दुधाच्या हिशोबानं, म्हणजे ज्यानं पहाटे उठून धार काढली त्याला. बायबॅकचा पैसा मिळतो तो ठरलेल्या तारखेला शेअर हातात असणाऱ्याला, मग त्यानं तो महिन्यापूर्वी का घेतलेला असेना. आणि त्यानं शेअरसाठी मोजलेले पैसेही कंपनीकडं गेलेले नसतात, ते गेलेले असतात आधीच्या शेअरवाल्याकडं. रात्री जागून ज्या पोरांनी परदेशी गिऱ्हाइकाचं काम उरकलं, त्यांच्या हाती या वाटपातून काही पडतं ते त्यांच्याकडं शेअर असले तरच. परत घेतलेले शेअर रद्द होतात, उरलेल्या प्रत्येक शेअरमागचा नफा फुगतो. त्यासाठी एक रुपयाचाही जादा माल विकावा लागत नाही.

तरीही मी बायबॅकच्या विरोधात नाही. कारण संशोधनाच्या नावाखालीही पैसा जळतो. फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं आभासी जगाच्या नादात ६,००० कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा सोसला. ॲपलनं दहा वर्षं मोटार बनवण्याचा खटाटोप केला आणि २०२४ मध्ये तो गुंडाळला. कंपनीला जे जमत नाही त्यावर भागधारकाचा पैसा उधळण्यापेक्षा तो परत दिलेला बरा, हा युक्तिवाद खोटा नाही. उलट टोकाला इंटेल आहे. वर्षानुवर्षं या कंपनीनं शेअर परत घेण्यावर अब्जावधी डॉलर घातले, चिप बनवण्याच्या शर्यतीत तैवानच्या मागं पडली, २०२४ मध्ये लाभांश थांबवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं तिच्यात जवळजवळ १० टक्के हिस्सा घेतला. पण ही त्यांची भांडणं. आपल्या दोन कंपन्यांकडं, इन्फोसिस आणि टीसीएसकडं, बघू.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी दिलेल्या १०,००० रुपयांवर. पुढं ती बंगळूरला गेली आणि पुण्याला कायमची हळहळ लावून गेली, ते असो. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ओपनएआय नावाची एक ना-नफा संशोधन संस्था जाहीर झाली. तिला पैसा देऊ म्हणणाऱ्यांच्या यादीत इलॉन मस्क होते, पीटर थील होते, ॲमेझॉनची क्लाउड शाखा होती आणि इन्फोसिसही होती. तेव्हा कंपनीचे प्रमुख होते विशाल सिक्का. कृत्रिम बुद्धिमत्तेतच पीएच.डी. केलेला माणूस. कंपनीच्या तिजोरीत रोकड साठलेली, आणि ती वाटा असा लकडा कंपनीच्याच माजी अधिकाऱ्यांनी जाहीरपणे लावलेला. त्यात संस्थापक आणि संचालक मंडळ यांचं बिनसलं. भांडण पैशापुरतं नव्हतं, कारभाराचे प्रश्न होते, एका इस्रायली कंपनीच्या खरेदीचा वाद होता, आणि त्यात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण तारखा बोलक्या आहेत. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, संचालक मंडळानं १३,००० कोटींच्या बायबॅकला मंजुरी दिली. कंपनीच्या इतिहासातला तो पहिला. त्यानंतर २०१९, २०२१, २०२२ आणि २०२५.

राजीनाम्यामुळं बायबॅक झाला असं मी म्हणत नाही. ओपनएआयला देऊ केलेला पैसा देणगी होता, त्यातून इन्फोसिसला तिची मालकी मिळणार नव्हती, हेही खरं. पण २०२२ च्या अखेरीस ओपनएआयचं चॅटजीपीटी आलं आणि हिंजवडीतल्या पोरांची झोप उडाली, तेव्हा मला ती २०१५ ची यादी आठवली. दाराशी सगळ्यात आधी पोचलेल्या मोजक्या मंडळींत आपला माणूस होता. आत जाऊन बसायची सवय मात्र आपल्याला नव्हती.

ही सवय का नव्हती, याचं कारण कंजुषीपेक्षा धंद्याच्या घडणीत आहे. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्या बहुतांशी माणसांचे तास विकतात. गिऱ्हाईक काम सांगतं, माणसं बसतात, तासांचं बिल जातं, आणि तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाची होते. अशा हिशोबात संशोधनाचे तास कुणाच्या नावावर टाकायचे? जिथं गिऱ्हाईक नाही तिथं बिल नाही. फौंड्रीतही हेच चालतं. गाडीवाल्या कंपनीनं ड्रॉइंग पाठवायचं आणि आपण कास्टिंग ओतून द्यायचं. कोल्हापूरची कास्टिंग देशभर आणि देशाबाहेर जातात, ड्रॉइंगवर नाव मात्र दुसऱ्याचं असतं. टीसीएससारखी कंपनी संशोधनावर खर्च करते तो उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. देशाचा सगळा मिळून खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, आणि त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ आहे.

टीसीएसची गोष्ट मात्र सरळ नाही, आणि मला तीच जास्त विचारात पाडते. २०१७ ते २०२३ या काळात या कंपनीनं पाच वेळा शेअर परत घेतले. १६, १६, १६, १८ आणि १७ हजार कोटी, म्हणजे एकूण ८३,००० कोटी रुपये. यातला सिंहाचा वाटा गेला टाटा सन्सकडं, कारण सत्तर टक्क्यांहून जास्त शेअर त्यांचेच. टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी टाटांच्या धर्मादाय ट्रस्टांकडं. याच घराण्याच्या ट्रस्टनं होमी भाभांना पैसा दिला आणि १९४५ मध्ये मूलभूत विज्ञानाची टीआयएफआर ही संस्था उभी राहिली. आज हाच समूह गुजरातेत ढोलेऱ्याला ९१,००० कोटींचा चिप कारखाना उभारतोय, केंद्राच्या भरघोस मदतीसह. मग कुणी म्हणेल, परत दिलेला पैसा वाया कुठं गेला? एका कंपनीतून निघाला, दुसरीत नवं काही करायला लागला. बायबॅकच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

पण तो पुरावा टाटांचा आहे, बायबॅकचा नाही. जिथं मोठा मालक चार पिढ्यांचा विचार करणारा आहे, तिथं पैसा फिरून कामाला लागू शकतो. इतर कंपन्यांत तो म्युच्युअल फंडाकडं जातो, परदेशी गुंतवणूकदाराकडं जातो, आणि तिथून सहसा दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचे जुनेच शेअर घेण्यात जिरतो. शिवाय टीसीएसनं स्वतः काय केलं होतं हेही बघायला हवं. इन्फोसिस जन्मली त्याच वर्षी, त्याच पुण्यात, तेव्हाचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं टीसीएसनं टाटा संशोधन विकास आणि आरेखन केंद्र काढलं. तेव्हा कंपनी आजच्या मानानं चिमुकली. त्या केंद्रात सॉफ्टवेअर लिहिणारं सॉफ्टवेअर घडवण्याचं काम झालं, आणि भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचंही. संगणकाच्या कंपनीला तुसाचं काय पडलं होतं? पण तीच राख वापरून २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हा विजेशिवाय चालणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा गाळणीचा डबा बाजारात आला. खिशात फारसं नसताना हे सुचलं, आणि खिसा भरल्यावर दर दीड-दोन वर्षांनी शेअर परत घ्यायचं सुचलं. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीनं बारा हजारांवर माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. एआयमुळं नव्हे, कौशल्य जुळत नाही म्हणून, असं सांगितलं गेलं. ज्या कंपनीनं सहा वर्षांत ८३,००० कोटी वाटले, तिला आपल्या माणसांची कौशल्यं वेळेत जुळवायला काय कमी पडलं, हे हिंजवडीत राहणाऱ्या आमच्या पोरांना कळलेलं नाही. मलाही नाही.

नवं काढायला धीर किती लागतो, हे आपल्याच भागात दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, १९१० मध्ये माळरानावर कारखाना मांडला. लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांतला त्यांचा ताळेबंद आजच्या एखाद्या शेअर विश्लेषकापुढं ठेवला असता, तर त्यानं 'विका' असाच शेरा मारला असता. भागधारकांचा दर तीन महिन्यांनी तगादा लावणारा बाजार तेव्हा त्यांच्या मागं नव्हता, ही त्यांच्या आणि आपल्या, दोघांच्याही नशिबाची गोष्ट.

माझं म्हणणं असं की पैसा परत द्यावा, पण आधी जाब द्यावा. आम्ही अमुक गोष्टी करून पाहिल्या, अमुक जमल्या नाहीत, अमुक करायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून एवढी रक्कम उरली, असं कंपनीनं सांगावं. 'भागधारकांचं मूल्य वाढवण्यासाठी' हे दर वेळचं वाक्य म्हणजे जाब नव्हे. आणि हा जाब मागायचा कुणी? आपल्याकडं साखर कारखान्याची आणि दूध संघाची वार्षिक सभा कशी गाजते ते सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूनं 'मंजूर, मंजूर', दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर', आणि कधी कधी दाराबाहेर समांतर सभा. अहवालातल्या पेट्रोलच्या खर्चावरून अध्यक्षांना घाम फोडणारे सभासद याच करवीर तालुक्यात राहतात. तेच सभासद लाख कोटींच्या कंपनीचे भागधारक झाले की मेसेज बघतात, भाव बघतात आणि गप्प बसतात.

गप्प बसायचं कारण नाही. संशोधनावर किती खर्च केला हे संचालकांच्या अहवालात देणं कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. अहवाल भागधारकाच्या ईमेलवर येतो, सभा आता व्हिडिओवर होते, आणि आधी नाव नोंदवलं तर अकरा शेअरच्या मालकालाही बोलता येतं. अण्णांनी अकरातले दोन शेअर दिले, नऊ उरले आहेत. पुढच्या सभेसाठी त्यांचं नाव नोंदवायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्याकडं एक शेअर असेल तरी तुम्हीही नोंदवा, आणि अण्णांचा तोच एक प्रश्न विचारा.