पैसा हाये का गेला?

‘तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलंय. एटीएमच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर, अ‍ॅपच्या पांढऱ्या स्क्रीनवर, एसएमएसमध्ये. सर्व्हर बंद पडला तरी हेच, आणि कोणी आत शिरून सगळा डेटा कुलूपबंद केला तरीही हेच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या वाक्यामागे कायकाय लपू शकतं ते थोडंफार माहीत आहे.

३१ जुलै २०२४. देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. धोका पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने कंपनीची यंत्रणा पेमेंटच्या जाळ्यापासून तोडली आणि तसं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. इंजिनिअर म्हणून विचाराल तर निर्णय बरोबरच होता.

त्या संध्याकाळी अकोटहून बाबांचा फोन आला. दिवस फवारणीचे, कृषी केंद्रावर पैसे द्यायचे होते. बाबांचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, या हल्ल्याशी त्याचा काही संबंध नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘३०० बँका हॅक, पैसे काढून घ्या’ असा मेसेज फिरत होता. मी रॅन्समवेअर काय असतं, जाळ्यापासून तोडणं म्हणजे काय, ते सांगायला लागलो. थोडं ऐकून घेऊन ते म्हणाले, “ते राहू दे रे. पैसा हाये का गेला, येवढंच सांग मले.”

“हाये, बाबा.”

“मंग झालं.”

या प्रश्नाचं उत्तर मोठ्या संकटातही देता येतं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड काढली गेली, आणि स्विफ्टमार्फत सुमारे १३.९ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे पत्रकारांसमोर आले. किती गेलं ते सांगितलं, आणि ग्राहकांच्या खात्यातले पैसे सुरक्षित आहेत हेही सांगितलं. एटीएम बंद होती, लोक घाबरलेले होते, पण निदान कशाला घाबरायचं नाही ते त्यांना कळलं.

आमच्या कंपनीतही एकदा अशी रात्र आली. ग्राहकांचे फोन नंबर, पत्ते आणि जुन्या ऑर्डरी बाहेर गेल्याचं लॉगमध्ये दिसलं. पासवर्ड आणि कार्डाची माहिती वाचली होती. सकाळी मीटिंगमध्ये वकील म्हणाले, चौकशी पूर्ण होईपर्यंत काही लिहू नका. मार्केटिंगवाले म्हणाले, ‘हॅक’ हा शब्द नको. त्यांचं सगळंच चूक नव्हतं. भोक उघडं असताना गाजावाजा केला तर आणखी चोर येतात, आणि घाईत सांगितलेला आकडा खोटा ठरला तर पुढचं कोणी ऐकत नाही. पण भोक दुपारीच बुजलं होतं. आम्ही काही जण मेल आजच पाठवा म्हणत राहिलो. मेल गेला तिसऱ्या दिवशी.

ज्यांच्या हाती नंबर लागले होते ते मात्र थांबले नव्हते. सपोर्टकडे एका बाईंची तक्रार आली: ‘तुमच्याच ऑफिसमधून फोन होता. माझा पत्ता आणि मागची ऑर्डर बरोबर सांगितली, म्हणून ओटीपी दिला.’ अठरा हजार गेले. फोन दुसऱ्या दिवशी आला होता. पहिल्या दिवशी दोन ओळी मिळाल्या असत्या, तर त्या सावध राहिल्या असत्या.

सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, पण ती सरकारी यंत्रणेला. ज्याची माहिती गेली त्यालाही कळवा, असं २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार हे विनाविलंब आणि साध्या, स्पष्ट भाषेत सांगायचं आहे. साधी भाषा कोणाची, हा प्रश्न उरतोच. ‘आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे वाक्य साधंच आहे. पण त्यातून पैसा आहे की गेला ते कळत नाही.

म्हणून आमच्या टीमने एक मसुदा आधीच लिहून ठेवलाय, मराठीतही:

‘काल रात्री आमच्या यंत्रणेत कोणीतरी शिरलं. तुमचा फोन नंबर आणि पत्ता त्यांच्याकडे गेला आहे. पासवर्ड आणि कार्डाची माहिती गेलेली नाही. आमच्या नावाने फोन आला तर ओटीपी देऊ नका, आम्ही तो फोनवर कधीच मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. तपास चालू आहे. पुढची माहिती आज संध्याकाळी ६ वाजता देऊ, नवीन काही नसलं तरी देऊ.’

सगळ्यात जास्त वाद शेवटच्या वाक्यावर झाला. नवीन काही नसताना काय लिहिणार, असं विचारलं गेलं. ‘अजून शोधतोय’ एवढंच लिहायचं. वाट बघणाऱ्या माणसाला तेवढं कळलं, तर तो निदान व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमध्ये उत्तर शोधत बसत नाही. वकिलांनी मसुद्यात दोन शब्द बदलले, आणि चांगले बदलले. ते वाक्य मात्र राहिलं.