धाकट्याचं काय?

आमच्याकडे दोन मुलं. थोरलीला बायबलची वचनं धडाधड पाठ. नाताळच्या कार्यक्रमात माईक तिच्याच हातात. धाकटा चारचौघांत तोंड उघडत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो आणि हाका मारूनही बाहेर येत नाही. रविवारी आम्ही मुक्ताईनगरहून एसटीने वरणगावमार्गे भुसावळला चर्चला जातो. उपासना संपली की कुणीतरी जवळ येऊन विचारणारच, "थोरली गुणाची हो, पण धाकट्याचं काय?" एकदा प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं, तेही आजाऱ्यांच्या यादीत. माणसं प्रेमाचीच, पण मला ते फार लागलं.

शिक्षिका म्हणून माझी बदली झाली आणि आम्ही मुक्ताईनगरला आलो. घरमालकीण काकू पक्क्या वारकरी, गावाला अजून एदलाबादच म्हणणाऱ्या. भिंतीच्या अलीकडे आमची प्रार्थना, पलीकडे त्यांचा हरिपाठ. धाकटा त्यांच्या केळीच्या बागेत रमला. घड कापून गाडीजवळ आणले की हा फण्या मोजत बसतो. केळीचा डाग धुऊन जात नाही, म्हणून त्याचा एक जुना शर्ट त्या कामालाच ठेवलाय. हल्ली टिश्यूची रोपं लावतात. ती एकसारखी वाढतात, घडही साधारण एकदमच कापणीला येतात. व्यापाऱ्याला तेच हवं, काकूंनाही तेच हवं. लेकरांच्या बाबतीत मात्र काकूंचा हिशेब वेगळा.

महाशिवरात्रीच्या यात्रेला त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ. त्यातल्या एका बाईंनीही तोच प्रश्न विचारला. मी उत्तर जुळवत होते, तोवर काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एका मायचे चार लेकरं, पन चौघायचे ठिकानं निराये."

त्या मुक्ताबाई आणि त्यांच्या भावांबद्दल बोलत होत्या. निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, ज्ञानदेवांची आळंदीला, सोपानदेवांची सासवडला. मुक्ताबाई भावांसारख्या समाधीला बसल्याच नाहीत. इथेच तापीकाठी वीज कडाडली आणि त्या अंतर्धान पावल्या, असं परंपरा सांगते. सर्वांत धाकट्या त्याच. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना त्यांनीच समजावलं. चौदाशे वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या योगी चांगदेवांनी गुरू केलं तेही त्यांनाच. 'धाकटीचं काय?' असं तेव्हा आळंदीत कुणी विचारलंच असेल, तर त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही.

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय काढला. पुनरुत्थानानंतर येशू तळ्याकाठी पेत्राला त्याची पुढची वाट सांगतो. पेत्र मागे वळतो, दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि याचं काय होणार म्हणून विचारतो. प्रभू त्याला जवळजवळ झापतोच: त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. एरवी अशा वेळी करिंथकरांच्या पत्रातला एक शरीर, अनेक अवयव हा दाखला हटकून निघतो. तो खराच आहे. पण तो देणारा स्वतःला डोळा समजतो आणि दुसऱ्याला करंगळी, असाच माझा अनुभव. तळ्याकाठच्या उत्तरात तशी सोय नाही.

आता मंडळीतले लोक वेगळंच विचारतात: इतकी वर्षं शेजार आहे, काकूंना प्रभूकडे का आणत नाही? माझा विश्वास काकूंना ठाऊक आहे, नाताळचा फराळही त्यांच्याकडे जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनाने आणि आपल्या वेळी. टिळक स्वतः तर तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत. घरच्या माणसालाही एवढी मोकळीक लागते, तर काकूंना मी कोण ढकलणार?

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना यंदा एकच विनंती. नाताळच्या कार्यक्रमात धाकट्याला वचन म्हणायला उभं करू नका. त्याला खुर्च्या मांडायला द्या. त्याची रांग सुतात असते.