आतले फोन

मला टेलिफोनची भीती वाटत नाही. टेलिफोन करणाऱ्यांची वाटते. त्यातही बाहेरून फोन करणाऱ्याचे काहीतरी काम असते. एकाच इमारतीतला माणूस मात्र केवळ फोन समोर आहे आणि पैसे पडत नाहीत, एवढ्याच कारणाने तो उचलतो, असा माझा परवापरवापर्यंतचा समज होता.

आमचे कॉलेज स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. ही हाक म्हणजे एस.टी. स्टँडवरच्या ध्वनिक्षेपकाची. वारा आमच्या बाजूचा असला, की वर्गात मर्ढेकर चालू असताना मधूनच साताऱ्याची गाडी फलाटाला लागते. गेल्या वर्षी जूनमध्ये मी विभागप्रमुख झालो आणि माझ्या टेबलावर नवा फोन आला. क्रमांक २१४. तो बसवायला आलेला पोरगा हुशार होता. म्हणाला, "सर, बाहेरचे कॉल थेट तुमच्याकडे येतील. आतले हवे तेवढेच घ्या. नको असतील ते नंबर सांगा, ते परस्पर ऑफिसात वाजतील. करणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

या शेवटच्या वाक्याने मी पाघळलो. चटकन म्हणालो, "२३१."

२३१ म्हणजे ग्रंथालय. आमचे ग्रंथपाल म्हणजे सोन्यासारखा माणूस; पण सोनेसुद्धा दिवसातून चार वेळा वाजू लागले तर माणूस कान झाकून घेईल. कधी शब्दकोड्यातला शब्द अडलेला असे, कधी एखाद्या विद्यार्थ्याने पानाचा कोपरा दुमडल्याचे दुःख असे. गुडघ्यांमुळे मैदान ओलांडून माझ्याकडे येणे त्यांना जमत नाही. मोबाईल आहे, पण तो बंद करून ड्रॉवरमध्ये. ग्रंथालयात शांतता पाळावी हा नियम ते आधी स्वतःला लावतात. कॉलेजचे बोलणे कॉलेजच्या फोनवर, हा त्यांचा दुसरा नियम. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही मी २३१ म्हणालो.

ही कला तशी जुनीच. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करी. तेव्हा फोन उचलला की एक्स्चेंजमधली बाई पलीकडचा माणूस जोडून देई. गोष्ट अशी सांगतात, की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच तिथे ऑपरेटर होती आणि स्ट्राउजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवी. मेलेल्या माणसांचीही पळवापळवी! चिडलेल्या स्ट्राउजरने मग बाईची गरजच न लागणारे यंत्र शोधून काढले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसले पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे १९१३-१४ साली ते शिमल्याला पोहोचले. यंत्र कोणाचा पक्ष घेणार नाही, अशी बिचाऱ्याची समजूत. त्या बाईचे काम यंत्रालाच शिकवता येते, हे पाहायला तो उरला नाही.

माझी आत्या एका कचेरीत ऑपरेटर होती. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. साहेबांना बोलायचे नसले की "साहेब बाहेर गेलेत," असे तिलाच सांगावे लागे. संध्याकाळी घरी आली की चहा घेता घेता ती माझ्या आईला हिशेब देई, "वहिनी, आज सात वेळा खोटं बोलले." आम्ही मुले हसत असू. ती हसत नसे.

माझ्या फोनने जून ते सप्टेंबर मला अशी शांतता दिली, की मी त्या पोराला मनातल्या मनात दुवा देत होतो. कार्यालयातल्या बाई कधीमधी माझ्या कप्प्यात चिठ्ठी टाकत, "ग्रंथालयाचा फोन होता." एवढेच. तपशील परक्याला सांगण्याची ग्रंथपालांची पद्धत नाही. त्या चिठ्ठ्यांचा मी पुस्तकात खूण ठेवायला उपयोग केला.

सप्टेंबरातल्या एका दुपारी एका अर्जावर शिक्का हवा म्हणून मी कार्यालयात, बाईंच्या टेबलासमोरच बसलो होतो. फोन वाजला. त्यांनी उचलला आणि "मराठी विभाग" म्हणाल्या. मी चमकलो. मग माझ्याकडेच बघत, अगदी सहज, त्या म्हणाल्या, "सर तासावर आहेत."

ग्रंथपालांना कमी ऐकू येते, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. मला सगळे ऐकू आले. "मग एवढाच निरोप द्या. म्हणावं, त्या पुस्तकांचं आता राहू द्या."

हात पुढे करून रिसीव्हर घेणे अवघड नव्हते. मी अर्जाकडे पाहत राहिलो.

स्वारगेट हे नाव शहराच्या वेशीवरच्या घोडेस्वारांच्या चौकीवरून पडले असे सांगतात. आत कोणाला सोडायचे हे ते स्वार ठरवीत. पण अडवलेल्याला निदान घोडा तरी दिसत असेल. इथल्या मेट्रोचे भुयार खणले जात होते तेव्हा रस्ता वळवल्याचे फलक लावलेले असत. २०२४ च्या सप्टेंबरात स्टेशन सुरू होईपर्यंत आम्ही त्या फलकांना शिव्या घातल्या. २३१ च्या वाटेवर मी फलकसुद्धा लावला नव्हता.

तसाच ग्रंथालयात गेलो. मागच्या भिंतीजवळचे एक कपाट रिकामे होते. माझ्या सरांनी निवृत्त होताना कॉलेजला दिलेली पुस्तके त्यात होती. सर पेन्सिल हातात घेऊन वाचत आणि समासात लेखकाशी भांडत. जीर्ण पुस्तके काढून टाकायच्या यादीत ती गेली होती. ती वगळायला विभागप्रमुखाचे एक पत्र पुरले असते, चार ओळींचे.

"रद्दीवाला सकाळीच टेंपो घेऊन आला," ग्रंथपाल म्हणाले. "एक ठेवून घेतलंय, तुमच्या नावावर." त्यांनी ड्रॉवरमधून व्याकरणाचे एक पुस्तक काढले. बांधणी सुटली होती. मी मधलेच पान उघडले. समासात सरांचे बारीक अक्षर होते, "साफ खोटे."

"तुम्ही हल्ली फार कामात असता," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती; असती तर बरे वाटले असते.

"हो," मी म्हणालो. आत्याच्या हिशेबात आणखी एक.

संध्याकाळी त्या पोराला बोलावले. त्याने कळा दाबल्या आणि उगाचच माहिती पुरवली, "२३१ वरून ६३ कॉल वळलेत, सर. यंत्र बरोबर मोजतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना संपल्यावर, मी पहिल्यांदाच आपण होऊन २३१ फिरवला. पलीकडून कार्यालयातल्या बाईंचा आवाज आला, "ग्रंथालय. ग्रंथपाल आत कपाटांपाशी आहेत, सर."

पोराने काढताना घोळ घातला होता, की त्याला कोणी तसे सांगितले होते, ते मी विचारले नाही. रिसीव्हर ठेवला. बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री घेतली आणि मैदान ओलांडायला निघालो.